सीमेवरचा शत्रू, घरातला विषाणू : युरोपातील कडवे उजवे लोकवादी पक्ष आणि कोविडची महासाथ

महासाथीच्या काळातली काही चित्रे मनात इतकी पक्की बसली आहेत की, त्यांचाच एक सिद्धांत होऊन गेला आहे. मुखपट्टी लावायला नाखूश असलेले अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प हे त्यातले एक. कोविडला किरकोळ फ्लू म्हणणारे आणि वेगळे मत मांडणाऱ्या आरोग्यमंत्र्यांना एप्रिल २०२० मध्ये पदावरून दूर करणारे ब्राझीलचे अध्यक्ष जाईर बोल्सोनारो हे दुसरे. या चित्रांवरून आपण निष्कर्ष काढला तो असा : कडवे उजवे लोकवादी राजकारण म्हणजे विज्ञानाचा नकार, म्हणून साथ आली की असे पक्ष साथच नाकारणार. लेखांत, भाषणांत आणि परिसंवादांत हे समीकरण इतक्या वेळा आले की, ते तपासून पाहण्याची गरज फारशी कुणाला वाटेनाशी झाली.

या लेखात मला ते तपासायचे आहे, आणि त्यासाठी मी युरोपातले पक्ष निवडले आहेत. असे पक्ष तिथे अनेक देशांत वर्षानुवर्षे मूळ धरून आहेत. त्यांतले काही साथीच्या वेळी सत्तेत होते, बरेच विरोधात होते, आणि एखादा तर एकाच वेळी दोन्हीकडे होता. एकाच विषाणूला, काही आठवड्यांच्या अंतराने, एकाच कुळातल्या इतक्या पक्षांना तोंड द्यावे लागले. राज्यशास्त्राला प्रयोगशाळा नसते, पण तुलनेची इतकी चांगली संधीही त्याला वारंवार मिळत नाही.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. यांतल्या बहुतेक पक्षांनी सुरुवातीला साथ नाकारली नाही. उलट सरकार ढिले आहे, सीमा ताबडतोब बंद करा, सगळा देश बंद करा, असा धोशा त्यांनी लावला. दोन-तीन महिन्यांत त्यांतले बहुतेक उलट्या टोकाला गेले. या कोलांटउडीचे कारण त्यांच्या विज्ञानाविषयीच्या मतात सापडत नाही. ते त्यांच्या राजकारणाच्या कथानकात सापडते.

शब्दांचा हिशेब

प्रथम शब्दांकडे पाहू, कारण मराठीत इथे घोटाळा होतो. ‘पॉप्युलिझम’साठी आपण सर्रास ‘लोकानुनय’ हा शब्द वापरतो. लोकानुनय म्हणजे लोकांना आवडेल ते देणे. कर्जमाफी, मोफत वीज, निवडणुकीच्या तोंडावरच्या घोषणा. पण पॉप्युलिस्ट पुढाऱ्याचा मूळ दावा ‘मी लोकांना देतो’ असा नसतो. ‘खरे लोक म्हणजे आम्ही, आणि आमच्याविरुद्ध आहेत ते भ्रष्ट अभिजन’ असा असतो. म्हणून मी इथे ‘लोकवादी’ हा शब्द वापरते.

डच राज्यशास्त्रज्ञ कास मुडे यांनी २००७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या पक्षकुळाची तीन लक्षणे सांगितली. ती अभ्यासकांत आज बहुतेक ठिकाणी आधाराला घेतली जातात. पहिले लक्षण म्हणजे राज्य हे ‘मूळच्या’ लोकांचेच असावे आणि परके माणूस वा परका विचार हा धोका आहे, ही धारणा. इंग्रजीतल्या ज्या शब्दाने मुडे ती सांगतात, त्याच शब्दासाठी मराठी साहित्यविचारात ‘देशीवाद’ रूढ आहे. पण भालचंद्र नेमाडे यांच्यामुळे त्या शब्दाला जो अर्थ चिकटला आहे, तो इथे अजिबात अभिप्रेत नाही. आपल्या राजकारणातला ‘भूमिपुत्र’ हा शब्द जास्त जवळचा आहे. दुसरे लक्षण हुकूमप्रियतेचे : समाजाला कडक शिस्त हवी, नियम मोडणाऱ्याला जबर शिक्षा हवी. तिसरे लोकवादाचे.

या तीन लक्षणांवरून कुणी साथीबद्दल भाकीत केले असते, तर ते काय झाले असते? पहिले लक्षण सांगते, सीमा बंद करा. दुसरे सांगते, कडक निर्बंध लावा. तिसरे सांगते, तज्ज्ञांवर आणि सरकारवर विश्वास ठेवू नका. म्हणजे पहिली दोन लक्षणे एका बाजूला ओढतात आणि तिसरे दुसऱ्या. २०२० च्या फेब्रुवारीपासून पुढे जे घडले, ते या ओढाताणीचे दर्शन आहे.

आधी : बंद करा

इटलीत ३० जानेवारी २०२० रोजी पहिले दोन रुग्ण निश्चित झाले. दोघे चिनी पर्यटक होते. मात्तेओ साल्विनी यांचा ‘लीगा’ हा पक्ष तेव्हा विरोधात होता. आदल्या वर्षीच्या युरोपीय निवडणुकीत त्याने ३४ टक्क्यांहून अधिक मते मिळवली होती आणि उन्हाळ्यात स्वतःच्याच आघाडी सरकारचा पाठिंबा काढून घेतला होता. साल्विनींनी लगेच सीमांचा विषय काढला आणि आफ्रिकेतून येणाऱ्या स्थलांतरितांच्या बोटींशी साथीचा संबंध जोडला. प्रत्यक्षात त्या दिवसांत विषाणूचा प्रवास उलट दिशेने चालला होता. २५ फेब्रुवारीला अल्जीरियात जाहीर झालेला पहिला रुग्ण इटालियन होता, आणि त्यानंतर दोनच दिवसांनी नायजेरियात सापडलेला पहिला रुग्णही मिलानहून आलेला इटालियनच होता. ज्या खंडाकडे बोट दाखवले गेले, त्या खंडाला इटली साथ पोचवत होती.

स्पेनमध्ये ‘व्होक्स’ पक्षाने ८ मार्च रोजी माद्रिदच्या विस्तालेग्रे सभागृहात हजारोंचा मेळावा घेतला. दोन दिवसांनी पक्षाचे सरचिटणीस हाविएर ओर्तेगा स्मिथ यांची चाचणी सकारात्मक आली आणि पक्षाला मेळाव्याबद्दल क्षमा मागावी लागली. (पुढे याच पक्षाने त्याच ८ मार्चच्या महिला दिनाच्या मोर्च्यांना परवानगी दिल्याबद्दल सरकारला गुन्हेगार ठरवले.) आजारी ओर्तेगा स्मिथ यांनी तेव्हा समाजमाध्यमावर जे लिहिले, त्याचा आशय असा होता की, आपली स्पॅनिश प्रतिपिंडे चिनी विषाणूंशी लढत आहेत. हे वाक्य हसण्यावारी नेण्यासारखे वाटते. माझ्या दृष्टीने मात्र ते या सगळ्या राजकारणातले सर्वांत प्रामाणिक वाक्य आहे. त्यात विषाणूला नागरिकत्व आहे, रक्तातल्या प्रथिनांनाही राष्ट्रीयत्व आहे, आणि आजार ही सीमेवरची लढाई आहे. याच महिन्याच्या अखेरीस आणीबाणीच्या मुदतवाढीचा प्रस्ताव संसदेत आला, तेव्हा व्होक्सने त्याच्या बाजूने मत दिले.

ऑस्ट्रियात फ्रीडम पार्टीचे हर्बर्ट किकल यांनी मार्चच्या मध्यात देश बंद करण्याची मागणी केली, आणि पहिला कोविड कायदा तिथल्या संसदेने एकमताने संमत केला. म्हणजे त्यांच्या पक्षाच्या मतांसह. नेदरलँड्समध्ये टिएरी बोडे आणि गेर्ट विल्डर्स या दोघांनीही सरकारची टाळेबंदी अपुरी आहे, पूर्ण बंद हवा, असा आग्रह धरला. जर्मनीत ‘एएफडी’ने सीमेवरची तपासणी वेळेवर सुरू केली नाही म्हणून मर्केल सरकारवर टीका केली. हंगेरीत सत्तेत असलेल्या व्हिक्टर ओर्बान यांनी साथीचा आणि स्थलांतराचा सांधा जोडला. तिथे पहिले दोन रुग्ण इराणी विद्यार्थी होते. पुढे काही इराणी विद्यार्थ्यांना देशाबाहेर काढण्यात आले.

ही यादी वाचल्यावर ‘विज्ञान नाकारणारे पक्ष’ हे वर्णन कसे टिकते, ते मला सांगता येत नाही. या टप्प्यावर त्यांची मागणी अनेक साथरोगतज्ज्ञांच्या मागणीशी जुळणारी होती, क्वचित तिच्या पुढे होती. फक्त कारण वेगळे होते.

मग : उघडा

लवकरच चित्र पालटले. इटलीत तर ते आठवड्या-आठवड्याला पालटत होते. लोंबार्दीतल्या कोदोन्यो गावात साथ फुटल्यानंतर आठवड्याभरात, २७ फेब्रुवारीला, साल्विनी कारखाने, दुकाने, संग्रहालये, बार सगळे उघडा म्हणत होते. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सगळे बंद करा म्हणू लागले. एप्रिलअखेर पुन्हा उघडा. न्यायाने हेही सांगायला हवे की, फेब्रुवारीअखेरचा तो गाफीलपणा एकट्या साल्विनींचा नव्हता. ‘मिलान थांबत नाही’ ही मोहीम त्या शहराच्या डाव्या महापौरांनीही उचलून धरली होती, आणि सत्ताधारी डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते निकोला झिंगारेत्ती यांनाच मार्चच्या पहिल्या आठवड्यात लागण झाली. फरक नंतर पडला. इतरांचा गाफीलपणा ओसरला. साल्विनींचा झोका चालूच राहिला. २ जूनला, इटलीच्या प्रजासत्ताकदिनी, ते जॉर्जिया मेलोनी यांच्यासह रोमच्या रस्त्यावर उतरले.

व्होक्सने एप्रिलपासून आणीबाणीच्या मुदतवाढीविरुद्ध मते दिली आणि २३ मे रोजी राष्ट्रध्वज लावलेल्या मोटारींचे मोर्चे काढले. मार्चमध्ये देश बंद करा म्हणणारे किकल एप्रिल संपता संपता ‘कोरोनाच्या वेडाविरुद्ध’ सह्या गोळा करू लागले; पुढे ते संसदेत मुखपट्टीशिवाय बसू लागले आणि जून २०२१ मध्ये पक्षाध्यक्ष झाले. पूर्ण बंद मागणारे बोडे लसीचे आणि निर्बंधांचे कडवे विरोधक बनले.

असे का झाले? मला दिसते ते कारण सांगते. साथ जोवर ‘बाहेरून’ येत होती, तोवर ती या पक्षांच्या कथानकात अगदी चपखल बसत होती. परका येतो, धोका घेऊन येतो, अभिजन दार उघडे ठेवतात आणि सामान्य माणूस बळी पडतो, ही कथा ते वीस-तीस वर्षे सांगत आले होते. पण मार्चनंतर विषाणू घरात शिरला. आता तो शेजाऱ्याकडून, नातवाकडून, चर्चमधल्या किंवा कॅफेतल्या ओळखीच्या माणसाकडून येत होता. आपल्याच माणसापासून आपल्याच माणसाला वाचवायचे होते. या प्रसंगासाठी या पक्षांकडे कथानकच नव्हते. खलनायकाची जागा रिकामी पडली, आणि ती रिकामी ठेवणे त्यांना शक्य नव्हते. तेव्हा विषाणूच्या जागी नियम करणारा आला : सरकार, आरोग्यमंत्री, तज्ज्ञ समिती, औषध कंपन्या. धोका तोच राहिला, फक्त तो सीमेवरून राजधानीत हलवला गेला.

मुडे यांच्या तीन लक्षणांच्या भाषेत सांगायचे, तर पहिल्या टप्प्यात भूमिपुत्रवाद आणि हुकूमप्रियता पुढे होती; दुसऱ्या टप्प्यात लोकवादाने त्यांना मागे सारले. एरवी कायदा-सुव्यवस्थेचा जप करणारे पक्ष पोलिसांच्या बंदोबस्ताविरुद्ध स्वातंत्र्याच्या घोषणा देऊ लागले, ते यामुळे.

सत्तेत एक, विरोधात दुसरे

यावर एक सोपा आक्षेप येऊ शकतो : हे सगळे विरोधी पक्षांचे नेहमीचे वागणे आहे, सरकार जे करेल त्याच्या उलट बोलायचे. आक्षेपात बरेच तथ्य आहे, आणि त्याचा उत्तम पुरावा लीगाच्या घरातच आहे.

उत्तर इटलीतल्या व्हेनेतो प्रांताचे तेव्हाचे अध्यक्ष लूका झाया हे लीगाचेच. फेब्रुवारीअखेर त्यांनी चिनी लोक जिवंत उंदीर खातात अशा अर्थाचे वक्तव्य केले आणि त्याबद्दल त्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. परक्याकडे बोट दाखवण्यात तेही मागे नव्हते. पण प्रांताचा कारभार त्यांच्या अंगावर होता. सुमारे ३ हजार वस्तीच्या व्हो या गावात इटलीतला पहिला कोविड मृत्यू झाला, तेव्हा जवळजवळ सगळ्या गावाची दोनदा चाचणी करण्यात आली. पादुआ विद्यापीठाचे आंद्रेया क्रिसांती आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून दिसले की, लागण झालेल्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणांना कसलीही लक्षणे नव्हती. लक्षणे नसलेल्यांचीही चाचणी करा, हे धोरण व्हेनेतोने त्यातून उचलले. सप्टेंबर २०२० च्या प्रांतिक निवडणुकीत झाया सुमारे ७७ टक्के मते घेऊन निवडून आले. त्यांच्या वैयक्तिक नावाच्या यादीला जवळजवळ ४५ टक्के मते पडली, आणि साल्विनींच्या अधिकृत लीगाच्या यादीला १७ टक्क्यांच्या आसपास. एकाच पक्षाच्या, एकाच प्रांतातल्या मतदारांनी कारभार आणि गर्जना यांतला फरक मतपत्रिकेवर नोंदवून ठेवला.

शेजारच्या लोंबार्दीतही अध्यक्ष लीगाचेच, आत्तिल्यो फोंताना. इटलीत साथीचा सर्वांत मोठा घाव तिथे बसला, आणि बेर्गामोजवळची गावे वेळेवर बंद का केली नाहीत यावरून प्रांत आणि रोम यांच्यात दीर्घकाळ दोषारोप चालले. तेव्हा पक्षाचे नाव सांगून कारभाराबद्दल काहीच भाकीत करता येत नाही.

पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये लीगा मारिओ द्रागी यांच्या सरकारात सामील झाला. मग लसीच्या दाखल्याला, तिथल्या ‘ग्रीन पास’ला, पक्षाचे मंत्री मंत्रिमंडळात संमती देत आणि पक्षाचे काही खासदार त्याविरुद्धच्या निदर्शनांत दिसत. घरात एक आणि ओट्यावर दुसरे, अशी ही तऱ्हा होती.

हंगेरीत ओर्बान यांच्या हाती सगळी सत्ता होती. त्यांनी लसीला विरोध केला नाही. युरोपीय महासंघाच्या आधी रशियाची स्पुटनिक आणि चीनची सायनोफार्म लस आणली आणि फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस स्वतः सायनोफार्मच टोचून घेतली. म्हणजे एकाच कुळातल्या एका पक्षाचा नेता लसीकरणात युरोपला मागे टाकल्याचा अभिमान मिरवत होता आणि दुसऱ्या पक्षाचा नेता लसीला जुलूम म्हणत होता. आणि लसीकरण वेगाने चालले असतानाच, २०२१ च्या वसंतात लोकसंख्येच्या प्रमाणात होणाऱ्या मृत्यूंत हंगेरीचे नाव जगात अगदी वरच्या देशांत होते.

इथवर आक्षेप मान्य. पण त्याने सगळे उलगडत नाही. विरोधात असलेले इतर पक्षही सरकारवर टीका करत होतेच. रुग्णालयांतल्या खाटा, परिचारिकांचे पगार, वृद्धाश्रमांतले मृत्यू हे त्यांच्या टीकेचे विषय होते. ‘सरकार चुकते आहे’ आणि ‘सरकार लोकांविरुद्ध कट करते आहे’ ही दोन वाक्ये वेगळी आहेत. पहिले वाक्य कुठलाही विरोधी पक्ष बोलतो. दुसऱ्या वाक्यासाठी आधीपासून तयार असलेले कथानक लागते, आणि सत्तेत आल्यावरही ते सुटत नाही. ओर्बान सत्तेत असूनही शत्रूशिवाय राहिले नाहीत; त्यांचे शत्रू स्थलांतरित आणि ब्रसेल्स हेच राहिले.

‘कोरोना-हुकूमशाही’

साहित्याच्या वाचकांना या प्रकरणातला भाषेचा भाग अधिक जवळचा वाटेल. जर्मनीत भाषाभ्यासक आणि पत्रकारांचे एक मंडळ दरवर्षी ‘वर्षातला अपशब्द’ निवडते. सार्वजनिक बोलण्यात माणसाची वा लोकशाहीची अवहेलना करणारा शब्द. २०२० सालासाठी प्रथमच दोन शब्द निवडले गेले, आणि त्यांतला एक होता ‘कोरोना-हुकूमशाही’. ऑक्टोबर २०२० मध्ये एएफडीचे आलेक्सांडर गाउलांड यांनी तो संसदेत वापरला होता. रस्त्यावरच्या निदर्शनांत तर तो रोजचाच होता. पुढच्याच महिन्यात संसर्ग-प्रतिबंध कायद्यातील दुरुस्तीच्या दिवशी एएफडीच्या खासदारांनी पाहुणे म्हणून आत आणलेल्या लोकांनी संसदेच्या इमारतीत मंत्री पेटर आल्टमायर यांना गाठून शिवीगाळ केली, आणि गाउलांड यांना सभागृहात क्षमा मागावी लागली.

या शब्दातली विसंगती उघड आहे. तो जिथे उच्चारला गेला ती जागा संसद होती, उच्चारणारा निवडून आलेला सदस्य होता, आणि उच्चारल्याबद्दल त्याच्या केसालाही धक्का लागला नाही. ज्या देशाने विसाव्या शतकात दोन हुकूमशाह्या पाहिल्या, तिथे हा शब्द असा स्वस्त करणे म्हणजे त्या दोन्हींतल्या बळींचा अनुभव हलका करणे. एएफडीतही हे सर्वांना रुचले नव्हते. पक्षाध्यक्ष यॉर्ग मॉयथेन यांनी नोव्हेंबर २०२० च्या पक्ष-अधिवेशनात या शब्दावर उघड टीका केली. जानेवारी २०२२ मध्ये त्यांनीच पक्ष सोडला. नेदरलँड्समध्ये बोडे यांनी लस न घेतलेल्यांची तुलना नाझींनी छळलेल्या ज्यूंशी केली. डिसेंबर २०२१ मध्ये अॅमस्टरडॅमच्या न्यायालयाने तो मजकूर काढून टाकण्याचा आदेश त्यांना दिला.

या भाषेची आणखी एक बाजू मला अधिक गंभीर वाटते. हुकूमशाही हा शब्द कोविडच्या नियमांवर खर्च झाल्यावर, खऱ्याखुऱ्या अधिकार-अतिक्रमणासाठी शब्द उरत नाही. आणि असे अतिक्रमण त्याच वेळी, त्याच खंडात घडत होते. हंगेरीच्या संसदेने ३० मार्च २०२० रोजी सरकारला मुदतीविना वटहुकमांनी कारभार करण्याचा अधिकार दिला. साथीविषयीच्या ‘खोट्या’ माहितीसाठी पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. राजकीय पक्षांचे निम्मे सरकारी अनुदान आणि नगरपालिकांचा वाहनकर साथनिधीकडे वळवला. विरोधकांच्या ताब्यातल्या शहरांना त्याची झळ बसली. तो अधिकार-कायदा जूनमध्ये मागे घेतला गेला, पण आणीबाणीच्या अधिकारांची सवय मागे राहिली. आता या दोन बाजू शेजारी ठेवून पाहा. मुखपट्टीला हुकूमशाही म्हणणारे पक्ष आणि बुडापेस्टमधला वटहुकमांचा कारभार, ही दोन्ही एकाच कुळातली. स्वातंत्र्य हे त्यांचे तत्त्व असते, तर त्यांची पहिली निषेधसभा हंगेरीच्या वकिलातीसमोर व्हायला हवी होती.

मग प्रश्न कुणी विचारायचा?

इथे टीकाकाराने सावध राहायला हवे. हे पक्ष चुकीच्या कारणाने ओरडत होते, म्हणून सगळे नियम बरोबर होते असे सिद्ध होत नाही. टाळेबंदीने शाळा बंद केल्या, रोजंदारीवरच्या माणसाची चूल विझवली, मरणाऱ्याला नातलगांपासून तोडले. हे सगळे आवश्यक होते का, किती होते, कुणी ठरवले, हे लोकशाहीतले पहिले प्रश्न आहेत.

स्पेनचे उदाहरण यासाठी मोलाचे आहे. व्होक्सने आणीबाणीच्या फर्मानाला घटना न्यायालयात आव्हान दिले. तेच फर्मान, ज्याच्या पहिल्या मुदतवाढीला त्यांनी मत दिले होते. १४ जुलै २०२१ रोजी न्यायालयाने ६ विरुद्ध ५ मतांनी निर्णय दिला की, मार्च २०२० मधली कडक घरबंदी घटनाबाह्य होती. लोकांचे हक्क नुसते मर्यादित झाले नव्हते, तर स्थगित झाले होते, आणि त्यासाठी अधिक गंभीर प्रकारची आणीबाणी संसदेची पूर्वसंमती घेऊन जाहीर करायला हवी होती, असे बहुमताचे म्हणणे पडले. प्रश्न रास्त होता. पाच न्यायाधीशांना वेगळे वाटले, इतका तो कठीणही होता. पण असा प्रश्न न्यायालयात न्यायला उजवा कडवा पक्षच का पुढे आला? इतर पक्षांनी तो विचारला असता, तर निर्णयाचे श्रेय ‘देशद्रोही सरकारविरुद्ध देशभक्तांचा विजय’ अशा घोषणाबाजीच्या हाती गेले नसते.

मराठी वाचकाला या जागी १८९७ चे पुणे आठवल्याशिवाय राहणार नाही. प्लेग होता, परकी सत्ता होती, घरात घुसणारे सैनिक होते. तेव्हाच्या उपायांवर ‘केसरी’तून टीका झाली. पण ती करणाऱ्या टिळकांनी प्लेगग्रस्तांसाठी रुग्णालयही उभे केले. दोन काळांची आणि दोन सत्तांची तुलना इथे करायची नाही. परक्या राजवटीविरुद्धचा रोष आणि निवडून दिलेल्या सरकारविरुद्धचा रोष एका मापाने मोजता येत नाही. मी एवढीच कसोटी तिथून उचलते : उपायावर टीका करणारा रुग्णासाठी काय मागतो? या कसोटीवर युरोपातले हे पक्ष लावले, तर हाताला फार थोडे लागते. सीमा, ध्वज, जुलूम आणि कट यांवर मजकूर विपुल आहे; अतिदक्षता विभाग, परिचारिका, वृद्धाश्रम आणि सार्वजनिक आरोग्यावरचा खर्च यांवर त्या मानाने तुरळक. स्वतःच्या माणसांचा कैवार घेणाऱ्या या पक्षांना आजारी पडलेला स्वतःचा माणूस नीट दिसलाच नाही, असे म्हणावे लागते.

मतांचा ताळेबंद

या सगळ्याचा फायदा झाला का? साथीच्या पहिल्या वर्षातच ‘महासाथ लोकवाद्यांना संपवील’ असे भाकीत झाले होते. मुडे यांनी जाकुब वाँड्रेज यांच्यासोबत लिहिलेल्या निबंधात त्यावर शंका घेतली होती, आणि ती खरी ठरली. पण ‘महासाथीने त्यांना तारले’ असेही दिसत नाही. जर्मनीत सप्टेंबर २०२१ मध्ये एएफडी १२.६ टक्क्यांवरून १०.३ वर आला. नेदरलँड्समध्ये मार्च २०२१ मध्ये विल्डर्स यांच्या जागा २० वरून १७ झाल्या, बोडे यांच्या २ वरून ८. इटलीत २०२२ मध्ये लीगा ९ टक्क्यांच्या खाली घसरला आणि मेलोनी यांचा पक्ष २६ टक्क्यांवर गेला. द्रागी सरकारबाहेर राहिलेला तो एकमेव मोठा पक्ष होता.

ऑस्ट्रियाची गोष्ट मात्र वेगळी आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिथल्या सरकारने सर्व प्रौढांना लस सक्तीची करण्याचे जाहीर केले. कायदा फेब्रुवारी २०२२ मध्ये लागू झाला, दंडवसुली सुरू होण्याआधीच मार्चमध्ये स्थगित झाला आणि उन्हाळ्यात रद्द झाला. म्हणजे सरकारने सक्तीचा सगळा रोष अंगावर घेतला आणि सक्तीचा उपयोग मात्र काहीच करून घेतला नाही. अप्पर ऑस्ट्रियात त्याआधीच, सप्टेंबर २०२१ मध्ये, निर्बंधविरोधी असा एक नवाच पक्ष ६ टक्क्यांहून अधिक मते घेऊन प्रांतिक विधानसभेत गेला होता. किकल यांनी हा रोष आपल्याकडे वळवला. २०२३ मध्ये लोअर ऑस्ट्रियात त्यांच्या पक्षाने आघाडी सरकारात जाताना ३ कोटी युरोंचा ‘कोरोना निधी’ पदरात पाडून घेतला. पुढे बेकायदा ठरलेल्या नियमांखाली वसूल झालेले दंड परत करणे हा त्याचा एक हेतू होता. सप्टेंबर २०२४ च्या निवडणुकीत पक्ष २८.८ टक्के मतांसह पहिला आला. पाच वर्षांपूर्वी त्याला १६.२ टक्के मते होती. महागाई आणि स्थलांतर ही त्याची मोठी कारणे आहेत; पण साथीच्या काळातला अविश्वास हेही त्यांतले एक कारण आहे, असे मला वाटते.

त्यातून मिळणारा धडा केवळ कडव्या उजव्यांविषयीचा नाही. साथीच्या काळात सरकारांनी काही निर्णय घाईत घेतले, काही चुकले, काही मागे घेतले. ज्या देशांत त्या चुकांचा हिशेब उघडपणे मांडला गेला नाही, तिथे तो मांडण्याचे काम कटाच्या गोष्टी सांगणाऱ्यांकडे गेले. त्यांना ‘विज्ञानविरोधी’ म्हणून बाजूला सारणे हा आपल्यासारख्या सुशिक्षितांचा आवडता उपाय; त्याने आपली बाजू स्वच्छ राहते आणि अडचणीचे प्रश्न आपल्याला विचारावे लागत नाहीत. पण मार्च २०२० मध्ये हेच पक्ष तज्ज्ञांच्याही पुढे धावत होते, हे विसरून चालणार नाही. तेव्हाही त्यांना आजाराचे सोयरसुतक नव्हते, नंतरही नव्हते. पुढची साथ येईल तेव्हा ते पुन्हा सीमेकडे बोट दाखवतील, आणि विषाणू घरात शिरल्यावर राजधानीकडे. त्या वेळी निर्बंधांचे प्रमाण, मुदत आणि हिशेब विचारणारे इतर आवाज संसदेत, न्यायालयात आणि वृत्तपत्रांत पहिल्या दिवसापासून हजर असतील का, यावर बरेच काही अवलंबून राहील.